आबांचे सात हंडे

मे महिन्यात हवालदार किसन आणि मी एकदमच सुट्टीवर आलो. एका गावच्या दोघांना एकाच वेळी रजा मिळत नसते. पण किसनची बायको सुमनवहिनी दिवसांत होती, माझी आई आजारी होती, म्हणून सुभेदार साहेबांनी सही केली. वीस दिवस. सरहद्दीवरच्या पोस्टपासून गेवराई तीन दिवस, तिथून उमापूरच्या एसटीनं आमचा फाटा.

किसन माझा सेक्शन कमांडर, मी लान्स नायक. मी मुळात तापट. घरी बापाचंही कधी धड ऐकलं नाही. किसनचं मात्र ऐकायचो, आणि खुशीनं ऐकायचो. थंडीत स्वतःचे कोरडे मोजे काढून मला द्यायचा आणि वर शिव्या द्यायचा, "घाल बे! पाय काय सासऱ्यानं दिलेत?"

गावात आमचं उलटं होतं. किसनचं घर वेशीबाहेर, बौद्ध वस्तीत. माझं घर पारापाशी, आबांच्या घराला लागून. आबा माझे चुलत चुलते आणि सोसायटीचे चेअरमन. खत त्यांच्या चिठ्ठीवर, कारखान्याची ऊसतोड त्यांच्या शब्दावर. माणूस वाईट नव्हता. कुणाची बाळंतीण अडली तर जीप त्यांचीच निघायची. किसनला भरतीसाठी दाखलाही त्यांनीच मिळवून दिला होता. फक्त त्यांना विचारल्याशिवाय गावात पान हलायचं नाही.

त्या वर्षी विहिरी आटल्या होत्या. टँकर दिवसाआड, सकाळी दहाला. बाया पहाटेच घागरी मांडून जागा धरत. सगळ्यात पुढं आबांचे सात हंडे, मग आमची भावकी, मग बाकीचं गाव, शेवटी वस्ती. हे कुणी ठरवलं नव्हतं. आबांचे हंडे यायला उशीर झाला तर लोक सात हंड्यांची जागा मोकळी सोडून मागं घागरी लावत. मी हे लहानपणापासून बघत होतो. कधी खटकलं नाही, खोटं कशाला बोलू?

आम्ही पोचलो त्याच दिवशी किसनला मुलगी झाली. गडी नुसता हरखून गेला होता. सहाव्या दिवशी टँकर आला तो अर्धाच. ड्रायव्हर म्हणाला, "पंपावर लाईट न्हाई. हाय त्यात भागवा." आदल्या खेपेलाही पाणी वस्तीपर्यंत पोचलं नव्हतं. किसनच्या घरात बाळंतीण, सहा दिवसांचं लेकरू, आणि प्यायला एक तांब्या पाणी.

मी आईसोबत रांगेत उभा होतो. किसन शेवटच्या टोकाकडून चालत आला. आबांच्या हंड्यांना त्यानं हात लावला नाही. कुणाला ढकललं नाही. रांगेच्या मधोमध थांबला आणि परेड ग्राउंडवरच्या आवाजात ओरडला, "सावधान! पीछे... मुड!"

आई शप्पत सांगतो, मी विचार केला नाही. माझ्या टाचा आपोआप फिरल्या. चेअरमनचा पुतण्या फिरला म्हटल्यावर मागचे दोघं फिरले. मग शाळेत पीटी केलेले सगळेच फिरले. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. रांग तीच, पण आता वस्ती पुढं आणि आबांचे हंडे शेवटी.

"ड्रायव्हर, गाडी त्या टोकाला घ्या," किसन म्हणाला.

"आबाला इचारल्याबिगर न्हाई जमायचं, साहेब."

आबा ओट्यावरून सगळं बघत होते. धोतराचा सोगा सावरत आले. "किसन, गावात हुकूम कोन देतंय?"

"मी दिला, आबा. पोरगी सा दिवसांची हाय. घरात पानी न्हाई. परवा बी आमच्या आधीच सरलं."

आबा माझ्याकडं वळले. "अन् तू रे? तू कावून फिरलास?"

"आबा, ते माझे हवालदार हायत."

कुणीतरी फिसकन हसलं. आबांचा चेहरा लालबुंद झाला. तेवढ्यात माझी आजारी आई बोलली, "भाऊजी, मी बी फिरले. बाळंतीन हाय तिकडं. बाईच्या जातीला कळतंय ते."

आबांनी वस्तीच्या टोकाकडं बघितलं. मग ड्रायव्हरला म्हणाले, "बघतोस काय? घे की गाडी तिकडं!"

पाणी आमच्या भावकीपर्यंत येऊन संपलं. आईला एक घागर मिळाली. आबांचे सातही हंडे कोरडे परत गेले. आबा माझ्याशी पुढं सुट्टीभर बोलले नाहीत. पण पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःच जाहीर केलं, एक दिवस या टोकानं, एक दिवस त्या टोकानं. आणि ही युक्ती आपलीच, असं अख्ख्या गावाला सांगितलं. मी चिडलो. किसन पोट धरून हसला. "सांगू दे की बे! पानी येतंय ना?"

सुट्टी संपली. पोस्टवर परतलो. अकराव्या दिवशी किसन गस्तीची तुकडी घेऊन गेला. मी रेडिओ सेटवर होतो. सहा चाळीसला त्याचा आवाज आला, "नाल्यापाशी पोचलो. सब ठीक. ओव्हर."

"रॉजर."

सात वाजून पाच मिनिटांनी फायरिंग सुरू झालं. सात वाजून बारा मिनिटांनी सेटवर दुसऱ्याचा आवाज आला. त्यानं एक कॅज्युअल्टी सांगितली, आपला एक जण गेला होता. नाव मी पुन्हा विचारलं. ऐकू आलं होतं, तरी विचारलं.

पार्थिव घेऊन मीच गावात आलो. वस्तीपुढच्या मोकळ्या रानात पेटी ठेवली. पंचक्रोशी लोटली होती. तालुक्याचे पुढारी पांढऱ्या गाड्यांतून हार घेऊन उतरले आणि सरळ पेटीकडं निघाले. सवयीप्रमाणं लोक बाजूला सरकून वाट देऊ लागले.

आबा आडवे आले. ज्यांच्या शब्दावर आबांची खुर्ची टिकायची, तेच हे लोक. आबांचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "थांबा साहेब. आधी त्याची बायको. मग त्याची वस्ती. मग गाव. तुमी-आमी शेवटी."

पुढारी थांबले. सुमनवहिनी मुलीला घेऊन पुढं आली. तिच्यामागं वस्ती, वस्तीमागं गाव. आबा सगळ्यांत शेवटी आले. त्यांनी पेटीवर दोन्ही हात ठेवले आणि लेकरासारखे रडले. "किसन, लई लवकर गेलास रे."

मी कडक सॅल्यूट दिला. परत हुकूम द्यायला तो नव्हता, म्हणून हात खाली घ्यावासाच वाटेना.