बाबांच्या हॉटस्पॉटचं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, सासरी असलेल्या बहिणीला तर नाहीच — तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तशी गोष्ट लहानशी आहे. निदान स्वतःला मी तसं सांगत आले.

आम्ही परळच्या चाळीत राहतो — आई, बाबा आणि मी. चाळ पडणार, टॉवर होणार, असं कित्येक वर्षं ऐकतोय. त्यामुळे इंटरनेटची वायर आत आणायला कुणी तयार नाही. घरून काम असलं की मी मोबाइलचं हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडते. भिंती जाडजूड, रेंज फक्त खिडकीत. माझ्या फोनने मान टाकली की बाबांचा फोन.

बाबा पालिकेत पाण्याच्या पंपावर होते, आता निवृत्त. पहिल्या पगारातून मी त्यांना तो फोन घेऊन दिला. हॉटस्पॉटला नाव काय देऊ, असं विचारलं, तर म्हणाले, जय भीम टाक, दुसरं काय? टाकलं. माणूसच तसा. कर्ज विकायला फोन करणाऱ्या मुलीलाही आधी जय भीम म्हणणार, मग कर्ज नको म्हणणार.

आणि मी? घरात जय भीम, ऑफिसात गुड मॉर्निंग. सहा डिसेंबरला दादरला पाणी वाटायला उभी राहते, पण रजेच्या अर्जात कारण लिहिते — पर्सनल. आमच्या आडनावावरून चटकन काही कळत नाही, ते मला बरंच वाटायचं. ऑफिसात कुणी कधी वाईट वागलं होतं का? नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचा दोष दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही.

तीनेक वर्षांपूर्वीची सकाळ. मोठी मीटिंग होती आणि माझी स्क्रीन सगळ्यांना दिसत होती. आवाज तुटायला लागला. मी बाबांना हाक मारली, घाईघाईत नेटवर्कची यादी उघडली — स्क्रीन चालू आहे हे विसरूनच. बारा जणांसमोर ते नाव आलं. मी त्यावर क्लिक केलं. पुन्हा मीटिंगमध्ये आले तेव्हा आमच्या टीमच्या मॅडम हसत होत्या.

"ए, ते जय भीम कुणाचं गं?"

सहज विचारलं होतं. बाबा माझ्यापासून दोन हातांवर उभे होते, फोन खिडकीच्या गजांपाशी उंच धरून. लॅपटॉपचा आवाज मोठा होता.

"शेजाऱ्यांचं असेल," मी म्हटलं. "पासवर्ड माहितीय, म्हणून वापरते."

दुसरं वाक्य कशाला जोडलं? खोटं पक्कं बसावं म्हणून — आणखी कशाला?

मी बाबांकडे बघितलं नाही. पण हात दिसत होता. तो खाली आला नाही. मीटिंग आणखी चाळीस मिनिटं चालली. मध्ये एकदा त्यांनी हात बदलला, इतकंच. नंतर फोन चार्जिंगला लावला आणि आज भाजी कसली, ते आईला विचारलं.

त्याच वेळी बोलायला हवं होतं ना? हवं होतं. माणूस दोन पावलांवर होता. मला लाज वाटत होती — आधी त्या नावाची वाटली, मग माझी — आणि मी लॅपटॉपमध्ये तोंड खुपसून बसले.

पंधरा दिवसांनी पुन्हा रेंज गेली. मी हाक मारली. बाबा फोन घेऊन खिडकीशी गेले, नेहमीसारखे. यादीत जय भीम नव्हतं. खालच्या मोबाइलवाल्याकडून बदलून घेतलं असणार, त्यांना स्वतःला ते जमत नाही. नवीन नाव होतं — शेजारी.

रागाने ठेवलं, की मला पुन्हा खोटं बोलावं लागू नये म्हणून? मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. लॅपटॉपने पासवर्ड मागितला. तो मात्र जुनाच होता, माझी जन्मतारीख. मी टाकला आणि कामाला लागले.

नाव अजून तेच आहे. आज सकाळीही मी त्यालाच जोडलं, आणि बाबा खिडकीशी उभे होते.