मी बुडतच नव्हतो!

आता काय सांगू तुम्हाला! एका वाक्यात पोरीच्या नशिबाचं मातेरं कसं करावं, हे शिकायचं असेल तर भोरला या, माझ्याकडे. चहा मी पाजतो.

माझी पुतणी सई, भाटघरच्या थोरल्या भावाची मुलगी. आहे नववीत, पण धरणाच्या पाण्यावर शिडाची छोटी होडी अशी चालवते की बघत राहावं. डिंगी म्हणतात त्या होडीला. इंजिन नाही, वल्हं नाही, नुसत्या वाऱ्यावर चालते. यंदा आमच्याच धरणावर निवड शर्यत ठरली. पहिला नंबर येईल त्याने थेट परदेशात जायचं, जगभरातल्या पोरांशी शर्यत लावायला! पोरीला दुसरं काही सुचत नव्हतं. झोपेतसुद्धा दोर ओढायची म्हणे.

आणि मी? मी आदल्या दिवशीच एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लावून मोकळा! ‘परदेश दौऱ्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ सईचा फोटो बेताचा, माझा जरा मोठा.

शर्यतीला अर्धं भोर मी काठावर आणलं. सई पहिल्यापासून पुढे. शेवटचा पिवळा फुगा, म्हणजे पाण्यावर तरंगणारी शर्यतीची खूण, समोर दिसतोय, आणि ही बया होडी भलतीकडेच वळवते! मला घाम फुटला. वारा समोरून असला की शिडाची होडी नागमोडीच न्यावी लागते, हे मला आता कळलंय. आता कळून काय उपयोग?

मी धावत बारकूतात्यांच्या मासेमारीच्या होडीत चढलो. “तात्या, चला! पोरगी वाट चुकली!”

“जाकीट घाला की, सायेब.”

“नको. फोटोत पोट दिसतं.”

होडी मध्यावर गेली आणि मी उभा राहून हातवारे सुरू केले. “सई, इकडे! फुगा इकडे!”

“आवं, खाली बसा!” तात्या ओरडले. “होडी हाय ही, ष्टेज न्हाई!”

झालं! मी पाण्यात.

तुम्हाला म्हणून सांगतो, मला पोहता येत नाही. जन्म धरणाकाठचा, तरी नाही! भोरमध्ये मात्र मी वर्षानुवर्षं सांगत आलोय की लहानपणी या काठावरून त्या काठावर पोहायचो. नाकातोंडात पाणी गेलं. “मेलो! वाचवा!” बचावाची मोटारबोट पार पलीकडे. तात्यांचं वल्हं हाताला लागेना. तेवढ्यात कुणीतरी माझी कॉलर धरली.

सई! शर्यत सोडून माघारी आली होती.

“काका, हात सोडू नगा! मी हाय न्हवं!”

मागच्या होड्या एकेक करून पुढे निघून गेल्या. मला ते दिसत होतं हो.

काठावर टॉवेल गुंडाळून बसलो होतो, तर सईच्या प्रशिक्षक मॅडम पंचांना घेऊन आल्या. मागे सगळं भोर उभं.

पंचांनी विचारलं, “काका, तुम्ही खरंच बुडत होता का?”

मॅडम मला डोळे मोठे करून खुणावत होत्या. मला वाटलं, बाईंना माझी काळजी वाटतेय.

“बुडत? मी?” मी हसलो. “अहो, भाटघरच्या पाण्यात वाढलेला माणूस मी!”

“मग ओरडत का होता?”

“पोरीला प्रोत्साहन देत होतो!”

तात्या काही बोलायला गेले. त्यांना मीच गप्प केलं. पंचांनी मान हलवली आणि ते निघून गेले.

मॅडम खालीच बसल्या. “काका, बुडणाऱ्याला वाचवायला कुणी थांबलं, तर हातचा गेलेला नंबर त्याला परत देता येतो. तसा नियम आहे. तुम्ही फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.”

टॉवेलासकट पळालो मी पंचांच्या मागे! “साहेब, बुडत होतो! आईशप्पथ बुडत होतो! मला पोहताच येत नाही!” उभ्या भोरसमोर ओरडून सांगितलं.

पंच म्हणाले, “काका, नियम कळल्यावर सगळेच बुडतात.”

दुसऱ्याच कुणाचा तरी पोरगा विमानात बसला. फ्लेक्स अजून तिथंच आहे, काढायला जायची लाज वाटते. सई रडली, पण मला एका शब्दाने बोलली नाही. ते जास्त लागलं.

परवा घरी आली. म्हणाली, “काका, पुढच्या वर्षी परत निवड हाय. तुमी या बघायला.”

माझे डोळेच भरून आले. “येऊ ना गं?”

“या की. फकस्त बुडालात तर बुडालो म्हना.”