दुसऱ्या अंतऱ्यातलं खट्

परवा नांदेडला, आमच्या घरी, लेकीनं फोनवर एक जुनं सिनेमाचं गाणं लावलं आणि मी भाजी चिरता चिरता तिच्यावर खेकसले, "बंद कर ते. चुकीचं वाजतंय."

"आई, ओरिजिनल आहे."

"असेल. दुसऱ्या अंतऱ्यात दोन ओळी जास्त आहेत."

मी हात पुसले, निलंग्याला अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन लावला आणि तिचा फोन माझ्या फोनाला चिकटवून त्यांना अख्खं गाणं ऐकवलं. अण्णांचं वय झालंय, पण कान अजून तिखट आहेत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मधी कुणीतरी काहीतरी घुसडलंय," ते म्हणाले. "आपलंच बराबर हाय." आणि फोन ठेवून दिला.

लेकीचं म्हणणं, आमचं आख्खं खानदान येडं आहे. तिला मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. सांगताना मी इतकी हसले की भाजी करपली.

अण्णा पाटबंधारे खात्यात कारकून होते. पण ती झाली नोकरी. त्यांचा खरा जीव गायन पार्टीत. चौदा एप्रिलची जयंती जवळ आली की आमच्या घरातल्या पलंगाखालून पेटी निघायची, ढोलकीची शाई तपासली जायची, आणि पुढचे दीड-दोन महिने आम्ही गावोगाव फिरायचो. एकेक गाव आपापल्या सोयीनं जयंती करायचं, त्यामुळे एप्रिल संपला तरी आमचा हंगाम संपायचा नाही. शब्द अण्णांचे. शाळेवर, पुस्तकांवर, दारू सोडण्यावर, विहिरीच्या पाण्यावर. चाल मात्र सिनेमाची, आणि तीही एकदम नवीकोरी लागायची. जुनी चाल लावली की पहिल्या रांगेतल्या बायासुद्धा पदर तोंडाला लावून हसायच्या. मुकाबला असला, म्हणजे एकाच मांडवात दोन पार्ट्या समोरासमोर, तर ज्याची चाल ताजी त्याचं पारडं जड.

आता प्रश्न असा, की निलंग्यात नवी चाल आणायची कुठून? रेडिओवर गाणं लागायचं, पण ते त्याच्या मर्जीनं. कॅसेट लातूरला यायलाच कितीतरी आठवडे जायचे आणि निलंग्याला यायची तेव्हा ते गाणं म्हातारं झालेलं असायचं. यावर अण्णांनी जो तोडगा काढला होता, त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

सिनेमा लातूरला लागला, की आम्ही चौघं पहिल्या एसटीनं निघायचो. अण्णा, ढोलकी वाजवणारे माझे मामा, पेटीवर बसणारे गुरुजी आणि मी. गाणं आम्ही आधीच वाटून घ्यायचो. मुखडा माझा, कारण तो सोपा. पहिला अंतरा अण्णांचा. दुसरा गुरुजींचा. मधलं सगळं म्युझिक आणि ताल मामांचा. गाणं सुरू झालं की चौघांनी डोळे मिटायचे, हा अण्णांचा कडक नियम. "हिरोईनीकडं बघितलं की चाल जातीया," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना मामांकडे बघायचे. गाणं संपलं की लगेच उठून बाहेर, नाहीतर पुढचं गाणं डोक्यात घुसून सगळा काला व्हायचा. स्टँडपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. तोंडात पाण्याची चूळ धरावी तसा आपापला तुकडा धरून आम्ही एकामागोमाग एक चालायचो. स्टँडच्या बाकड्यावर बसलं की मग जोडणी. मी मुखडा टाकायचे, मामा मांडीवर ताल धरायचे, अण्णा त्यांचा अंतरा लावायचे, आणि दहा मिनिटांत आख्खं गाणं आमच्या मालकीचं! बाजूचे पासिंजर एसटी सोडून आमच्याकडे बघायचे. ते सुख मला पुढे कशातच मिळालं नाही, पहिल्या पगारातही नाही. या पद्धतीचा एकच तोटा. त्या काळातल्या सात-आठ सिनेमांचा शेवट मला अजून माहीत नाही.

इतकं सगळं करून मी होते कुठं? कोरसात. मागे सतरंजीवर, चारजणींत एक माईक. पुढचा माईक अण्णांचा. मी अकरावी संपवून बारावीत निघाले होते, आवाज असा होता की शेजारच्या गल्लीतून ओळखावा, आणि मला तो पुढचा माईक हवा होता. इतका हवा होता की स्वप्नातही त्याची जाळी दिसायची. अण्णा म्हणायचे, "तुझ्या आवाजात उमाळा लई, ताल कमी." टेंपोतही तेच. ड्रायव्हरशेजारची जागा मुख्य गायकाची, कारण मागच्या वाऱ्यानं गळा बसतो. कोरस मागे, ढोलकीच्या आणि पेटीच्या मधे, धूळ खात.

त्या वर्षी उमरीच्या मुकाबल्याचं आवतण आलं. नांदेड पार करून जायचं, समोर उमरीचीच पार्टी, आणि त्यांच्या मुख्य गायिकेचं नाव आमच्याकडेही ऐकू येत होतं. दवाखान्यात नर्स होत्या त्या. आम्ही त्यांना नुसतं उमरीच्या बाई म्हणायचो. अण्णांनी ठरवलं, त्याच आठवड्यात लागलेल्या सिनेमाची चाल घ्यायची.

गेलो लातूरला. डोळे मिटले. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला, दुसरा सुरू झाला, आणि दोन ओळींनंतर एकदम "खट्" असा आवाज होऊन गाणं थेट मुखड्यावर उडी मारून आलं. त्या क्षणी सगळ्या थेटरात शिट्ट्या आणि आरडाओरडा.

स्टँडवर जोडणी करताना गुरुजींचा चेहरा गोंधळलेला. "माझ्याकडे दोनच ओळी आहेत हो," ते म्हणाले. "मग खट् होतं आणि मुखडा येतो."

"बराबर हाय," मामा म्हणाले. "साडेतीन मात्रा आन् खट्. म्या मोजलंय."

खात्री करायला आम्ही दुसरा खेळ पाहिला. पुन्हा डोळे मिटून. पुन्हा तिथंच खट्, पुन्हा शिट्ट्या. अण्णा बाहेर आले ते हवेत तरंगतच. "संगीतकार लई पोचलेला माणूस हाय," ते म्हणाले. "ताल मधूनच तोडून टाकला गड्यानं! कुणाची हिंमत हाय का? आन् पब्लिकनं बघा कसं उचललं."

मग आठ दिवस आम्ही ते खट् बसवलं. सोपं नव्हतं. साडेतीन मात्रांवर गळा आवळायचा, श्वास धरायचा आणि मुखड्यावर अशी उडी घ्यायची की पायरी चुकल्यासारखं वाटावं पण पडू नये. मामांनी ढोलकीच्या खोडावर बोटाचं पेर आपटून हुबेहूब तो आवाज काढला. अण्णांनी शब्द लिहिले. आई लेकीला शाळेत धाडते आणि सांगते, तू तिथं उंबऱ्यावर थांबू नकोस, अशा अर्थाचे. ते खट् बरोबर उंबऱ्यावर यायचं. मला तर ते गाणं इतकं आवडलं की धुणं धुतानाही मी खट् करायचे आणि आई म्हणायची, "काय करायलीस गं बाई, पिळा फाटल की."

आणि मुकाबल्याच्या दोन दिवस आधी अण्णांनी बाजारात उसाचा रस प्यायला. दोन ग्लास. वर बर्फ. स्वतःच गायन पार्टीला बर्फाची बंदी घालणारा माणूस! सकाळी तोंड उघडलं तर नुसती हवा.

पार्टीत दुसरा कुणी पुढचा माईक धरण्यासारखा नव्हता. अण्णांनी बराच वेळ घरात येरझारा घातल्या, मग एका चिठ्ठीवर लिहून माझ्यापुढे सरकवलं: "एक डाव गा. चुकलीस तर जन्मभर कोरस." मी ती चिठ्ठी वाचून अंगणात तीन गिरक्या घेतल्या. चौथी घेताना मला "चुकलीस" हा शब्द दिसला आणि गिरकी अर्ध्यातच थांबली.

पहाटे टेंपो निघाला. पुढच्या जागेवर अण्णाच बसले, गळ्याला मफलर गुंडाळून. "गळा गेला तरी जागा सोडली न्हाई दाजीनं," मागे मामा माझ्या कानात कुजबुजले. मी धूळ खात, मनात खट् म्हणत उमरीला पोचले.

चारच्या सुमाराला मुकाबला सुरू झाला. निळ्या पताका, माणसांनी भरलेला मांडव, आणि नाणं उडवल्यावर पहिली पाळी उमरीकरांची. बाई उठल्या. पांढरी साडी, चष्मा, हातात काही नाही. त्यांनी सगळ्यांना जयभीम घातला, पेटीनं सूर धरला आणि मी गुरुजींकडे वळून पाहिलं. चाल तीच होती.

ते एक वेळ चाललं असतं. पण दुसऱ्या अंतऱ्यात दोन ओळी झाल्या, मी खट्ची वाट बघत श्वास धरला, आणि खट् आलंच नाही. बाई पुढच्या दोन ओळी गायल्या. काय सुरेख होत्या त्या! वर चढून, वळसा घेऊन, अलगद मुखड्यावर उतरणाऱ्या. गाणं तिथं पूर्ण होत होतं, हे आमच्या चौघांच्या एकाच वेळी ध्यानात आलं.

"यांनी नांदेडला बघितला सिनेमा," गुरुजी पुटपुटले. "आपल्या लातूरचं रीळ तुटलेलं होतं. तो ताल नव्हता हो. जोड होता!"

"मंग शिट्ट्या?" मामांनी विचारलं.

"चित्र उडालं म्हणून."

आणि आम्ही चौघंच डोळे मिटून बसलो होतो. दोन्ही खेळांना!

अण्णांनी खिशातून पेन्सिल काढली आणि गुडघ्यावर कागद ठेवून ते त्या दोन ओळींसाठी शब्द लिहायला लागले. बाईंचं गाणं संपलं, टाळ्या पडल्या, निवेदकानं निलंग्याला बोलावलं, तेव्हा अण्णांची दीड ओळ झाली होती. त्यांनी कागद माझ्या हातात कोंबला. त्यांच्या डोळ्यांत इतकी भीती मी कधी पाहिली नव्हती.

पुढच्या माईकची जाळी जवळून पाहिली तर गंजलेली होती. मी मुखडा टाकला. आवाज लागला, चांगला लागला. पण मांडवातल्या लोकांनी तीच चाल ओळखली आणि कुजबुज सुरू झाली. पहिला अंतरा गेला. दुसरा आला. हातात दीड ओळ, समोर एवढं पब्लिक, आणि माझा गळा आठ दिवसांच्या सवयीनं थेट त्या उडीकडे धावत होता. मामांकडे पाहिलं. मामांनी डोळे मिटले होते. मला एकदम हसू आलं. म्हटलं, जन्मभर कोरस तर कोरस, पण हे खट् मी सोडणार नाही.

मी हात वर केला, उंबऱ्यावर थांबले, सगळ्या मांडवाकडे नजर टाकली. खट्! आणि मुखड्यावर उडी.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी खुदकन हसली, तिच्यामागून रांग हसली, मग मांडव हसला, आणि मग शिट्ट्या सुरू झाल्या. लातूरच्या थेटरात पडल्या होत्या अगदी तशाच. "फिरून! फिरून!" मी फिरून गायले. या वेळी हात वर केला तर आख्ख्या मांडवानं माझ्याबरोबर "खट्!" केलं आणि मामांच्या ढोलकीचा आवाजच ऐकू आला नाही. पाच वेळा गायला लावलं त्यांनी. पाचव्यांदा उमरीच्या बाई उठून माझ्या माईकशी आल्या, मला खांद्याशी धरलं आणि पब्लिकला म्हणाल्या, "आमच्यात दोन ओळी जास्त हायत, पर ह्या पोरीचं खट् काई आमच्यात न्हाई. खरं सांग गं, कुठून आणलंस?"

"लातूरहून," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

समितीची निकाल लावायची छाती झाली नाही. दोन्ही पार्ट्यांना सारखेच शाल-नारळ दिले. पण मला त्या निकालाशी घेणंदेणं नव्हतं. माझा निकाल लावणारा माणूस स्टेजच्या कोपऱ्यात वायर गुंडाळत होता आणि माझ्याकडे बघतही नव्हता. आणि चूक तर झाली होतीच. पाच वेळा झाली होती, पाचशे माणसांदेखत.

ऊन उतरलं तेव्हा टेंपो भरला. मी नेहमीसारखी मागे चढले आणि ढोलकीला टेकून बसले. सगळे हसत होते, मामा खट् करून दाखवत होते, मला मात्र रडू येईल असं वाटत होतं. तेवढ्यात फळीवर अण्णांचा पाय दिसला. मग हात, मग मफलर. चढले, दोन पोरींना सरकवलं, पेटीच्या शेजारी मांडी घालून बसले, आणि बोटानं मला पुढची जागा दाखवली.

मी जागची हलले नाही. मला वाटलं काहीतरी आणायला सांगतायत. बोलायला गळा नव्हता, म्हणून अण्णांनी टेंपोच्या पत्र्यावर बोटाचं पेर आपटलं. एकदाच. खट्.

"आता ऊठ की," मामा म्हणाले. "म्होरं जा. किती येळ लावायलीस."

मी उतरले, पुढे गेले आणि ड्रायव्हरशेजारी बसले. सीट उन्हानं तापलेली होती. ड्रायव्हरनं चावी फिरवली, माझ्याकडे पाहिलं आणि थांबला.

"आन् अण्णा कुठं हायत?"

"कोरसात," मी म्हणाले.