फलकावर न मावलेला मेकॅनिक

इतिहास कुणालाही विसरत नाही. हे वाक्य माझं आहे. दुबईतल्या एका विमान-प्रदर्शनाच्या फलकासाठी लिहिलेलं. त्याच फलकावर मी आणखी एक नाव टाकलं होतं. पहिलं विमान उडवणाऱ्या दोन भावांच्या सायकलच्या दुकानात एक मेकॅनिक होता, त्याने काही आठवड्यांत त्या विमानाचं इंजिन घडवलं. मजकूर लांबला. वाक्य राहिलं, नाव गेलं. मी मंजुरीची सही करून टाकली.

त्या इंजिनाची चालती प्रतिकृती दुबईच्याच जबल अली भागातल्या एका शेडमध्ये संगमेश्वरकडचा एक फिटर बनवत होता. मी बघायला गेले तेव्हा म्हणाला, "मॅडम, ह्याला कार्ब्युरेटरच नाही. पेट्रोल नुसतं ठिबकतं. बनवणारा एक तर येडा, नाहीतर लय हुशार."

"फलकावर तो नाही," मी म्हणाले.

"मग हुशारच असणार."

उद्घाटन दुबई मरीना भागात होतं, थेट प्रक्षेपणासह. फिटरने गावाकडे सगळ्या वाडीला लिंक पाठवली. "बारा वर्षं झाली, बाबा विचारतात, तू तिकडे नक्की करतोस काय? आज बघू देत." पांढरा शर्ट इस्त्री करून पिशवीत घालून आणला होता.

कार्यक्रमवाल्यांचं वेगळंच ठरलं होतं. पाहुण्यांनी बटण दाबायचं, की इंजिन सुरू. बटण कशालाच जोडलेलं नव्हतं. मागे बसून कुणीतरी चाक फिरवणं भाग होतं. मॅनेजरने फिटरच्या हातात काळा टी-शर्ट ठेवला. "यल्ला भाई, चलो, पर्दे के पीछे. दिखना नहीं."

फिटरने माझ्याकडे पाहिलं. मी फलकाकडे पाहिलं.

मानवाच्या आकाशझेपेवर तीन भाषणं झाली. पाहुण्यांनी बटण दाबलं. दुसऱ्या हिसक्याला इंजिन धडधडलं, टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. विशेष काही वाटलं नाही.

नंतर तो हात पुसत आला. घरून फोन येऊन गेला होता.

"काय म्हणाले बाबा?"

"म्हणाले, इंजिन झकास. आज तुला सुट्टी होती का?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"हो म्हटलं."

मी फोनवर ते प्रक्षेपण उघडलं. एकूण तेवीस जणांनी पाहिलं होतं. त्याने नावं घेऊन मोजलं; त्यांतले एकोणीस त्याच्या वाडीतले निघाले.