जहाजावर चावीवाला नाही

आमच्या हिच्या मामांइतकी चुकीची भाकितं या पृथ्वीतलावर दुसऱ्या कोणी केली असतील असं मला वाटत नाही. इतर ग्रहांविषयी बोलायचा अधिकार माझ्याकडे नाही, तो मामांकडे आहे. हवामान, निवडणुका, क्रिकेट असल्या किरकोळ गोष्टींत मामा पडत नाहीत. त्यांचं क्षेत्र एकच. हिंदीत डब केलेली एक परदेशी मालिका आहे. तिच्यात एक भलंमोठं अंतराळजहाज माणसं भरून कुठल्याशा दूरच्या ग्रहाकडे निघालंय आणि सीझनमागून सीझन गेले तरी पोचत नाही. पुढच्या सीझनमध्ये काय होणार हे मामा छातीठोकपणे सांगतात आणि पुढच्या सीझनमध्ये नेमकं तेवढं सोडून बाकी सगळं होतं. नुसतं अंदाजपंचे बोलणाऱ्याचंही कधीमधी बरोबर येतं. मामांच्या बाबतीत तेवढाही अपघात कधी घडलेला नाही.

मामा मुलुंडला राहतात. सगळी नोकरी महापालिकेच्या पाणी खात्यात गेली. हिचे वडील लवकर वारले, तेव्हा हिला मामा-मामींनीच लहानाची मोठी केली. त्यामुळे मामांविरुद्ध ब्र काढायची सोय मला माझ्याच घरात नाही. मामा निवृत्त झाले आणि 'आता ते दिवसभर करणार काय' या काळजीने हिने आमच्या मालिका-सिनेमे बघायच्या खात्याचा पासवर्ड त्यांना देऊन टाकला. तेव्हापासून घाटकोपरला माझ्याच सोफ्यावर बसून मी एखादा साधा विनोदी सिनेमा शोधायला गेलो, तरी पडद्यावर रॉकेटंच येतात. मला पृथ्वीवर काहीही रस उरलेला नाही, अशी त्या यंत्राची ठाम समजूत झाली आहे.

आणि मग रविवार. मी चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच फोन वाजतो. "जावईबापू, बसलात का? बसा. पुढच्या सीझनला काय होणार ते सांगतो." मामा माझ्याशी शुद्ध मराठीत बोलतात, मामींशी आणि देवाशी मालवणीत. माझ्याशी बोलताना ते मालवणीवर घसरले, की विषय गंभीर आहे असं समजायचं. एरवी शुद्ध मराठीत चहा निवेपर्यंत जहाज चालतं. मालिकेतल्या लोकांची परदेशी नावं मामांनी केव्हाच रद्द करून टाकली आहेत. जहाजाची प्रमुख ती कप्तानबाई. डॉक्टर तो टकल्या. जहाजावरचा यंत्रमानव हा गावच्या एका चुलतभावासारखा मान वाकडी करून उभा राहतो, म्हणून तो बाबल्या. "बाबल्याला सगळं माहीत आहे, पण तो बोलत नाही," असं मामा म्हणतात तेव्हा ते यंत्राबद्दल बोलतायत की चुलतभावाबद्दल, हे मला आजही सांगता येत नाही.

टकल्या फितूर आहे, हे मामांचं एक गाजलेलं भाकीत. हे त्यांनी चेंबूरच्या एका साखरपुड्यात मुलाच्या वडिलांना बाजूला घेऊन इतक्या दबक्या आवाजात सांगितलं, की मुलीकडच्यांचे चेहरे उतरले. पुढच्या सीझनमध्ये टकल्याने जहाज वाचवण्यासाठी स्वतःचा जीव दिला. मी त्या रविवारी फोनची वाटच बघत होतो. "मामा, टकल्या?" तिकडून अगदी शांतपणे उत्तर आलं, "मरायच्या आधी त्याला पश्चात्ताप झाला असणार. दाखवलं नाही त्यांनी." मामांचं भाकीत कधी चुकत नाही, लिहिणारे चुकतात. त्या मालिकेच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक जागतिक अड्डा आहे. तिथे मामा आपली भाकितं अस्सल देवनागरीत लिहितात. खाली ब्राझीलमधला कोणीतरी न चुकता लाल बदाम टाकतो. "ब्राझीलवाल्याला पटलंय," असं मग मला ऐकवलं जातं. घाटकोपरवाल्याला पटत नाही, हा त्यातला टोमणा.

पण या सगळ्या भाकितांचा पाया म्हणजे पाणी. "एवढी माणसं जहाजावर. आंघोळी करतात, कपडे धुतात, झाडं लावलीत. पाणी कुठून येतं?" मी एकदा चुकून म्हणालो, की शास्त्रज्ञांनी काहीतरी सोय केली असेल. मामा म्हणाले, "सोय आपोआप होत नसते, जावईबापू. चावीवाला लागतो." चावीवाला म्हणजे ठरलेल्या वेळी वस्तीत येऊन पाण्याची चावी फिरवणारा माणूस. तो आला नाही की अख्ख्या गल्लीची वाट लागते, हे मामांनी जन्मभर पाहिलेलं. त्यामुळे दर सीझनला त्यांचं भाकीत ठरलेलं: जहाजावर पाणीकपात होणार, वरच्या मजल्यांना पाणी चढणार नाही, आणि सगळ्यांना कळणार की इतक्या वर्षांत चावीवाला नेमलाच नव्हता. लिहिणाऱ्यांनी परग्रहावरचे राक्षस आणले, काळाची भोकं आणली, बाबल्याला प्रेमात पाडलं. नळ मात्र एकदाही कोरडा दाखवला नाही. मुलुंडच्या मासळी बाजारात मामा हेच मला हातवारे करून सांगत होते आणि मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. शेवटी कोळीणबाई म्हणाल्या, "ओ दादा, तुमचं जहाज घरी नेऊन नांगरा. पापलेट घेताय का सांगा!" मामांनी पापलेट घेतलं, आणि परत येताना सांगितलं, "बाईला समुद्राचा अनुभव आहे. विचारायला हवं होतं त्यांना."

याचा कळस गणपतीत होतो. मामांच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. कोकणातल्या रीतीप्रमाणे आरतीनंतर घरातला वडीलधारा माणूस गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवापुढे घराची सगळी मागणी मोठ्याने मांडतो, आणि प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मामांचा आवाज त्या दिवशी खणखणीत लागतो. "बा देवा म्हाराजा, आज जी काय तुझ्या लेकरांनी वेडीवाकडी सेवा केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा! "पोरांच्या नोकरीधंद्याक बरकत दी रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा! "आणि त्या जहाजावर जी काय माणसां अडाकली हत, त्येंका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!" आणि सगळी मंडळी ओघाओघात, हात जोडून, डोळे मिटून: व्हय म्हाराजा! मीसुद्धा. प्रसाद हातात पडल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण आत्ता कोणासाठी देवाला साकडं घातलं. असा संताप आला. मामी मोदक वाढत म्हणाल्या, "जाव दी, जावईबापू. माणसांच ती."

गेल्या सीझनचा शेवट असा झाला. कप्तानबाईंना जीवघेणी जखम झाली. त्यांना वाचवायचा एकच उपाय म्हणून बाबल्याने त्यांना एका काचेच्या पेटीत गोठवून झोपवलं. झाकण लागलं, काचेवर धुकं आलं, आणि सीझन संपला. त्यानंतरचे कित्येक रविवार मामांकडे दुसरा विषय नव्हता. कप्तानबाई उठणार. उठल्या उठल्या पहिलं पाणी मागणार. आणि पाणी येणार नाही!

त्याच सुमारास मामांना जिना चढताना छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. हृदयाच्या डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून, कुठे कुठे अडथळे आहेत ते दाखवलं आणि बायपास सुचवली, तीही लवकर. मी आणि ही सोबत होतो. मामांनी तो कागद स्वतःकडे ओढून घेतला. "म्हणजे बायपास लाइन टाकणार. ती टाकताना मेन बंद ठेवावी लागते. तेवढा वेळ पुरवठा कोण करणार?" डॉक्टर म्हणाले, मशीन करतं, काका, तुम्ही तर झोपलेले असाल. मामांनी कागदाची घडी घातली. मग उठून उभे राहत म्हणाले, "ठीक आहे. पुढचा सीझन येऊन जाऊ दे. मग बघू."

आम्हाला ती थट्टा वाटली. ती नव्हती. ही रडली, मी भांडलो, डॉक्टरांनी फोन करून समजावलं. मामांचं एकच उत्तर, सीझन आला की दुसऱ्या दिवशी ॲडमिट होतो. पाण्याच्या पाइपचं आयुष्य सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या धमन्यांबाबत असं वागावं, याचा मला इतका राग आला की त्या रविवारी मी फोन उचलून नुसता टेबलावर ठेवून दिला. मामा बराच वेळ टेबलाशी बोलत होते.

आणि मग बातमी आली. मालिका बंद. पुढचा सीझन निघणारच नाही. आमच्या घरात एकदम सुतकी शांतता पसरली. हे मामांना सांगायचं कोणी? धक्का बसला तर? ही म्हणाली, "तू सांग, तुझं ऐकतात ते." मी म्हणालो, "माझं? माझं तर ब्राझीलवाल्याइतकंही ऐकत नाहीत." शेवटी दोघं मिळून मुलुंडला गेलो. वाटेत काय बोलायचं ते ठरवलं, कसं हळूहळू विषयाकडे यायचं ते ठरवलं. मामींनी दार उघडलं. मामा खिडकीशी बसले होते. आम्ही चपला काढतोय तोवर मामी म्हणाल्या, "त्येंका सांगलंय मी सकाळीच. म्हटलंय, तुमचा ता जहाज बंद पडला, पुढचो भाग येवचो नाय. आता त्या डाक्तराक फोन करा." आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

चहा झाला, बिस्किटं झाली. निघताना मामा फक्त म्हणाले, "सावकाश जा." पुढच्या रविवारी फोन आला नाही. मी चहा प्यायलो, गरम गरम, कित्येक वर्षांत पहिल्यांदा. त्याला चवच नव्हती. पेपर उलटा धरला. शेवटी ही म्हणाली, "अरे, जा ना मग!" तसा मी उठलो आणि मुलुंडला गेलो.

मामा तिथेच, खिडकीशी. त्यांना बोलतं कसं करायचं ते मला सुचेना, म्हणून मी मुद्दाम डिवचलं. "मामा, बरंच झालं बंद झाली ते. पुढे काय, कप्तानबाई पेटीतच मरणार होत्या." म्हटलं आता खवळतील. ते खवळले नाहीत. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तीच तर भीती हा रे."

रे! आणि मालवणीत! मी सरळ खाली त्यांच्या पायाशी बसलो.

"माका ठाऊक हा, माझा एक पण भाकीत खरा होणा नाय," मामा म्हणाले. "मी काय येडो नाय. मी म्हटलंय टकल्या फितूर, तो देवमाणूस निघालो. मी म्हटलंय पाणी जातला, एकदा पण गेला नाय. आणि आता मी म्हटलंय ती उठतली. तर उठवची माणसांच नाय रवली." त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "तिका झोपवल्यानी, तशी माका झोपवतले. मेन बंद करतले. माका वाटलेला, ती उठताना एकदा बघतंय, मगे जातंय. आता मी माझ्यासाठी काय म्हणू? मी म्हटलंय उठतलंय, तर..."

इतकी वर्षं या माणसावर मी वैतागलो होतो, आणि हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी म्हणालो, "मामा, तुम्ही काहीच म्हणू नका. या खेपेला भाकीत मी करतो. तुम्ही उठणार."

मामांनी मला नीट न्याहाळलं. "तुमचं भाकीत आजवर कधी चुकलंय?"

"मी आजवर केलेलंच नाही."

"म्हणजे चुकलेलं नाही," मामा म्हणाले. ते पुन्हा शुद्ध मराठीवर आले होते. "मग चालेल. लावा डॉक्टरांना फोन."

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही तिघं बाहेरच्या खुर्च्यांवर बसून होतो. आतलं काही कळत नव्हतं. हिने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. मध्येच मामींनी कोणाकडे न बघता, पदराचं टोक मुठीत धरून पुटपुटायला सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, जेका झोपवल्यानी हा, तेका उठव रे म्हाराजा." आम्ही दोघं हळू आवाजात म्हणालो, व्हय म्हाराजा. पलीकडच्या खुर्चीवरचे एक अनोळखी गृहस्थही म्हणाले. त्यांचंही कोणीतरी आत होतं.

दुसऱ्या दिवशी मला मामांपाशी क्षणभर जाऊ दिलं. नळ्या, तारा, टिकटिकणारे आकडे, आणि मधोमध एवढेसे झालेले मामा. डोळे अर्धवट उघडे होते. भूल अजून पुरती उतरली नव्हती. मी वाकलो. मामांचे ओठ हलले.

"उठली?"

"उठली, मामा."

"पाणी मागल्यान?"

"पहिलं तेच मागितलं."

मामा दम खायला थांबले. कपाळावर ती जुनी काळजीची आठी उमटली. "पाणी इला?"

"इला, मामा," मी म्हणालो. "फुल प्रेशरान."

आठी विरली आणि मामा पुन्हा झोपले. सिस्टर मला बाहेर जायची खूण करत होत्या आणि मला तिथून निघवेना.

त्या दिवसापासून मामांच्या हिशेबी तो सीझन येऊन गेला आहे. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत आणि मीही काढत नाही. आता ते त्याच्या पुढच्या सीझनविषयी सांगतात. आवाज पूर्वीसारखा लागत नाही, मधे मधे दम लागतो, त्यामुळे फोन लवकर संपतो आणि चहा बऱ्यापैकी गरम राहतो. त्याचीही मला चीड येते. एखाद्या रविवारी फोन वाजायला उशीर झाला, की मीच लावतो आणि म्हणतो, "बसलोय, मामा. सांगा."