डावी बाजू

बनारसच्या त्या एमआरआयच्या खोलीत धातू चालत नाही, म्हणून ब्रह्मा घाटावरून आलेल्या त्या गृहस्थांनी जानव्याला बांधलेली किल्ली सोडून बायकोकडे दिली आणि ते आत गेले. बाई बाहेर बाकावर माझ्या शेजारी टेकल्या. मी पाठदुखीने वैतागलेला. त्यांच्यानंतर माझा नंबर. माझं फोनवरचं मराठी ऐकून त्या आपणहून बोलल्या.

“ह्यांचा डावा कान गेलाय. नसेवर गाठ आहे का, त्याची जांच.” किल्ली मुठीत फिरत होती. “मी जेवायला, निजायला कायम डावीकडेच. बोलले तर उत्तर नाही. वाटायचं, नाराज आहेत. मग मीपण बोलणं सोडलं.”

आत मशीन धडधडत राहिलं.

“किती वर्षांपासून ऐकू येत नाही, ते फोटोत दिसतं का हो?”

“नसेल दिसत,” मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

ते बाहेर आले. बाई सवयीने डावीकडे गेल्या, थबकल्या आणि वळसा घालून उजवीकडे आल्या. किल्ली देत हळूच म्हणाल्या, “दमलात?”

“हो, फार,” ते लगेच म्हणाले.

बाई पुन्हा बाकावर बसल्या.