सायबाच्या चुलीचा काटा

सन एकोणीसशे छप्पन. माझं वय चोवीस. सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी बॉयलर फिटर होतो, आणि त्या रविवारी सकाळी गावातल्या रहीमा खालाच्या स्वयंपाकघरात, काजळीनं काळ्या झालेल्या हातानं, तिच्या भावाचे टोमणे ऐकत उभा होतो.

"आपा, कित्ते बार बोलूं? लोहा है ये. भंगार में डालो और मंगल को चलो मेरे साथ हैद्राबाद."

समोर ताटात दहा पाव होते. पांढरेफटक. दाबले की बोट आत रुतून बसत होतं.

खालानं एक उचलला. "मिस्तरी, हे पाव हाय का उकडलेला बटाटा?"

आता ही भानगड सांगतो. खालाचा नवरा रेल्वेच्या इंजिनीअर सायबाकडं खानसामा होता. सायब विलायतेला गेला तवा आपला ओव्हन त्याला देऊन गेला. आमी त्याला सायबाची चूल म्हणायचो. लोखंडाची पेटी, एका अंगाला कोळशाची जागा. धूर पेटीच्या वरून, खालून फिरून धुराड्यातून बाहेर जायचा, आणि पेटी चहूकडून तापायची. दारावर घड्याळासारखी तबकडी, तिच्यात एक काटा. किती तापलं ते काटा सांगायचा. नवरा गेल्यावर खाला त्यात नानखटाई भाजून विकायची. मग काटा अडकला, माल करपायला लागला, आणि चूल दोन वर्षं थंड पडली.

त्याच साली आमचा मुलूख हैद्राबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला. सरकारी दवाखान्यात तिकडचा नवा डॉक्टर आला. रोग्यांना दूध-पाव पाहिजे म्हणाला. पाव रेल्वेनं बाहेरून यायचा, कधी बुरशी घेऊनच. कुणीतरी खालाचं नाव सांगितलं. डॉक्टर म्हणाला, "सोमवारी सकाळी नमुना आणा. बरा असला तर रोज घेईन."

भाऊ गफूरभाई तिला न्यायलाच आला होता. एकटी बाई कशाला राहते म्हणून. खालाची ट्रंक बांधून दाराशी ठेवलेली. तिनं त्याला अट घातली होती, "पाव पसंत पडला तर मी हितंच. न्हाई तर तुझ्यासोबत." म्हणजे तिचं घर, गल्ली, नवऱ्याची कबर, सगळं त्या चुलीवर अडकलं होतं. आणि चूल माझ्यावर.

शाळा म्हणाल तर मी दुसरी पास. पण बॉयलरची नस मला कळायची. शनिवारी सुट्टी काढून मी चूल सगळी खोलली. धुराच्या वाटेतली घमेलंभर काजळी काढली. दाराच्या कडेला फट बुजवायची नवी दोरी बसवली. काट्यामागं पट्टीची एक गुंडाळी असते. दोन धातू एकाला एक जोडलेले, तापले की कमीजास्त फुगतात, गुंडाळी पिळते आणि काटा फिरतो. ती रॉकेलनं धुतली. काटा मोकळा झाला. जिथं जिथं फट दिसली तिथं विटेची भुकटी आणि मातीचा लेप दाबून भरला. माझ्या चुलीतून वाफेचा दोरा बाहेर येणार न्हाई, असं मी गफूरभाईला छाती काढून सांगितलं होतं.

आणि आता हे पाव.

मी म्हणालो, "खाला, चुलीत खोट न्हाई. तुमचं खमीर मेलंय, पीठ फुगतच न्हाई."

खालाचा चेहरा बदलला. "माझ्या पिठाला नाव ठेवतो व्हय? थांब."

तिनं त्याच पिठाचा एक गोळा पितळी पातेल्यात ठेवला, झाकण लावलं, वर-खाली निखारे ठेवले. गफूरभाई मिशीत हसत होता. थोड्या वेळानं तिनं झाकण काढलं. पाव तांबूस, फुगलेला. तिनं तो माझ्या हातावर ठेवला. चटका बसला, पण मी सोडला न्हाई.

"आता बोल," खाला म्हणाली.

मी पुन्हा दार उघडून आत वाकून बघितलं. पेटीच्या आतून पाणी ओघळत होतं. मागून खाला म्हणाली, "वरच्या कोपऱ्यात एक भोक होतं, ते कुठं गेलं?"

"गळत होतं. बुजवलं."

"अरे बाबा, पिठाची वाफ तिथूनच तर जायची!"

गफूरभाई एवढा हसला की त्याला ठसका लागला. मी छिन्नी घेतली आणि लेप फोडून काढला. आजवर ही गोष्ट मी कुणाला सांगितली न्हाई.

आता काटा राहिला. तो फिरत होता, पण खोटं बोलत होता. चूल थंड असतानाच अर्ध्यावर उभा. तबकडीवरचे इंग्रजी आकडे मला वाचता येत नव्हते आणि खालालाही. जिनिंगमध्ये असा काटा दुसऱ्या खऱ्या काट्याला लावून तपासतात. इथं दुसरा आणायचा कुठून?

पण कोणता धातू कधी वितळतो हे माझ्या हाताला ठाऊक होतं. डाग द्यायची कांडी, शिसं आणि कथील मिसळलेली, ती लवकर वितळते. नुसतं कथील, कल्हईचं, ते त्याच्यानंतर. दोन्हींचा एकेक तुकडा डबीच्या झाकणात घालून आत ठेवला. कोळसा हळूहळू वाढवला. जरा जरा वेळानं दार बोटभर उघडून बघायचं. डागाच्या तुकड्याचा चकचकीत थेंब झाला. काटा होता तिथं कानशीच्या टोकानं रेघ मारली. आणखी कोळसा. कथील वितळलं. दुसरी रेघ.

"ये क्या सोनारी लगाई?" गफूरभाई.

"बघत राहा, भाईजान."

पहिल्या रेघेवर एक पाव भाजला. फिकट आणि वाळका. दुसऱ्या रेघेवर एक. वरून कोळसा, आत कच्चा. मग काटा दोन्हींच्या मधोमध आणला. खालानं तिसरा पाव काढला, उलटा केला, बुडावर टिचकी मारली. पोकळ आवाज आला. तिनं तो मोडून अर्धा भावाच्या हातात दिला. तो खाऊ लागला आणि उरलेल्या अर्ध्यासाठी हात पुढं केला. दोन रेघांच्या मधे मी तिसरी रेघ खोल कोरली.

"काटा हितं आला की पाव आत," मी खालाला सांगितलं. "आकड्यांकडं बघू नका. ते सायबासाठी होते."

सोमवारी पहाटे तिनं भट्टी लावली. मी टोपली घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं पाव मोडला, वास घेतला, खाटेवरच्या एका म्हाताऱ्याला दुधात बुडवून दिला. म्हातारा खाऊन म्हणाला, "दुसरा हाय का?"

डॉक्टर म्हणाला, "उद्यापासून रोज पाठवा."

जिनिंगमध्ये वाफ कोंडली तर पोट भरतं. पावाची कोंडली तर हसं होतं. यंत्र कसलं आहे ते आधी विचारावं, मग पान्याला हात लावावा. हे मला एका बाईनं शिकवलं, आणि त्या दिवशी मी कबूल केलं न्हाई.

मंगळवारी सकाळी दवाखान्यात टोपली पोचवून मी गफूरभाईला एकट्याला हैद्राबादच्या गाडीत बसवून आलो.